सद्भावनेची शपथ झाली, आता नियमावली लिहा

प्रति,
मा. संपादक

महोदय,

दर वर्षी २० ऑगस्टच्या सुमारास मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आणि सरकारी कचेऱ्यांत सद्भावनेची शपथ होते. फोटो निघतो, तो वार्षिक अहवालाला चिकटतो आणि विषय पुढच्या ऑगस्टपर्यंत मिटतो. त्याच महाविद्यालयात भेदभावाची तक्रार घेऊन एखाद्या मुलीने 'समान संधी कक्ष कुठे आहे?' असे विचारून पाहावे. शिपाई कार्यालयात पाठवतो, कार्यालय उपप्राचार्यांकडे पाठवते आणि उपप्राचार्य म्हणतात, 'आपल्याकडे तसलं काही होत नाही.' होत नाही की नोंदले जात नाही, याचा शोध कुणी घ्यायचा?

मुस्लिम विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांविषयीचा आकस आपण साहेबांच्या चांगुलपणावर सोडून दिला आहे, हे आमच्या मते दुखण्याचे मूळ आहे. साहेब चांगले असले की शुक्रवारी नमाजला अर्धा तास मिळतो, त्यांची बदली झाली की बंद होतो. म्हणून भरतीचा अर्ज, पाळ्यांचे वेळापत्रक, सुट्ट्यांची यादी आणि चौकशीचे टिपण या चार कागदांबद्दल इथे लिहीत आहोत.

भरतीपासून सुरुवात करतो, कारण आकसाचे चोख मोजमाप तिथे झालेले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले होते. तुलनेच्या अर्जांत शिक्षण आणि पात्रता सारखीच ठेवली होती, वेगळे होते ते नाव. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. उमेदवाराचे तोंडही कुणी पाहिले नव्हते. २०१५ मध्ये तर मुंबईतल्या एका कंपनीने एका तरुणाला 'आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो' असे ईमेलने लेखी कळवले, म्हणून गाजावाजा झाला. एरवी अर्ज नुसता बाजूला पडतो आणि का पडला हे कुणालाच कळत नाही.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत मनुष्यबळ विभाग चालवणाऱ्यांना यावर उपाय करायला फार खर्च येत नाही. अर्ज आले की एका कारकुनाने त्यांना क्रमांक द्यावा आणि निवड करणाऱ्याकडे जाणाऱ्या प्रतीवरून नाव, फोटो, वडिलांचे नाव, पत्ता, मातृभाषा आणि शाळेचे नाव काढावे. नाव झाकले आणि पत्ता ठेवला, तर मोहल्ला वाचून काम बिघडते. पत्ता झाकला आणि 'उर्दू हायस्कूल' ठेवले, तरी तेच. दुसरी चूक शाळा सोडल्याच्या दाखल्याची. आपल्या दाखल्यावर धर्म आणि जातीचा रकाना असतो, आणि बहुतेक कंपन्या तो पहिल्याच दिवशी अर्जासोबत मागतात. तो निवड झाल्यावर, रुजू होताना मागा. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी महाविद्यालयाला धर्माची नोंद लागते, ती शिष्यवृत्तीच्या फायलीत राहू द्या. ती विभागप्रमुखांच्या टेबलावर यायचे कारण नाही.

मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. प्रत्येक सदस्याने आपले गुण आधी लिहून मग चर्चा करावी. चर्चा आधी झाली की ज्येष्ठ सदस्याचा सूर सगळ्यांच्या गुणांत उतरतो. 'आमच्या टीममध्ये बसणार नाही' हा शेरा नाकारण्याचे कारण म्हणून स्वीकारू नये. कशात बसणार नाही ते लिहा: वेल्डिंगची चाचणी, टॅली, इंग्रजी पत्रव्यवहार, काय कमी पडले? 'लग्न झालंय का', 'घरी किती भावंडं', 'बुरखा घालून मशिनवर कसं जमणार' हे प्रश्न मुलाखतीच्या कागदावर छापलेलेच नसतील, तर विचारणाराही थोडा अडखळतो.

हे झाले कंपनीच्या थेट भरतीचे. खरा मोठा आकडा ठेकेदारामार्फत येतो, आणि ठेकेदार आपल्या गावची, आपल्या ओळखीची माणसे गेटवर आणतो. तिथे अर्जच नसतो, तर झाकायचे काय? मूळ कंपनीने ठेक्याच्या करारात एक कलम घालावे: जागेची माहिती गेटवरच्या फलकावर आणि जवळच्या आयटीआयमध्ये लागेल, आणि कुणाला का नाकारले याची वही ठेकेदार ठेवील. पीएफच्या चलनाशिवाय बिल निघत नाही ही शिस्त कंपन्या पाळतातच, त्याच यादीत ही वही बसवता येते.

आता वेळापत्रक. शुक्रवारची नमाज हा आपल्याकडे विनाकारण तापवलेला विषय आहे. सगळे मिळून अर्ध्या-पाऊण तासाचे काम, त्यात जेवणाची सुट्टी धरलेली. अडचण खरी कुठे येते? साखळी पद्धतीच्या लाइनवर एकाच सेलमधली चार माणसे एकदम उठली तर लाइन थांबते, आणि मग सुपरवायझर वैतागतो. यावर तोडगा सोपा आहे. सगळ्या मशिदींत जमात (एकत्र नमाज) एकाच वेळी नसते. एकीकडे सव्वाला, तर दुसरीकडे पावणेदोनला. दोन तुकड्या करा, शुक्रवारपुरती जेवणाची पाळी बदला, एक रिलीव्हर (बदली माणूस) ठेवा आणि वरची पंधरा मिनिटे पाळीच्या शेवटी भरून घ्या. हे लेखी लिहून नोटीस बोर्डावर लावा. तोंडी सवलत सर्वांत घातक, कारण ती घेणारा कायम उपकाराखाली राहतो आणि बाकीच्यांना वाटते याला काहीतरी जादा मिळतेय.

रमजान चांद्रवर्षाप्रमाणे दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, म्हणजे नेमका बारावीच्या परीक्षा, महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिक परीक्षा आणि कंपन्यांच्या वर्षअखेरीच्या धांदलीत. पुढे २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. परीक्षा विभागाने पंचांगासोबत हिजरी दिनदर्शिकाही उघडून पाहावी. तोंडी परीक्षा आणि प्रयोगशाळेचे लांबलचक सत्र सकाळी ठेवले तर उपवास करणाऱ्यांना सोयीचे जाते, आणि बाकीच्यांचे त्यात काही बिघडत नाही. ईद चंद्रदर्शनावर ठरते, छापील सुट्टी एका दिवसाने हलू शकते. म्हणून छापील तारखेच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपर ठेवू नये. ठेवला, की मग ऐन वेळी पुढे ढकलण्याची निवेदने, मोर्चे आणि 'यांचे लाड' ही चर्चा ओघाने आलीच.

कारखान्यात दुसऱ्या पाळीत इफ्तार कामाच्या वेळेतच येतो. आपल्या भागात मार्चमध्ये सूर्य साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान मावळतो. चहाची दहा मिनिटे त्या वेळेला सरकवली की झाले. जालन्याच्या सळई कारखान्यांत भट्टीजवळ काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. दिवसभर पाणी न पिता त्या उष्णतेत उभे राहिले तर चक्कर येऊन माणूस तापलेल्या लोखंडाजवळ पडू शकतो. अशांना विचारून, महिन्यापुरते थंड जागेवर किंवा पहिल्या पाळीत घ्यावे. 'विचारून' हा शब्द महत्त्वाचा. रोजे न ठेवणारा मुस्लिम कामगारही असतो, आणि त्याला 'का रे, तुझा रोजा नाही?' असे विचारण्याचा अधिकार हिंदू सुपरवायझरला नाही तसा मुस्लिम सहकाऱ्यालाही नाही.

सुट्ट्यांच्या यादीबाबत कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या ८ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या ४ मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. प्रत्यक्षात हिशेबनीस गेल्या वर्षीची यादी तारखा बदलून छापतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बैठक घेऊन त्या चारपैकी एखादी ऐच्छिक ठेवता येईल का, हे बोलावे. ऐच्छिक म्हणजे ज्याला ईद हवी त्याने ईद, ज्याला महावीर जयंती त्याने ती आणि ज्याला नाताळ त्याने नाताळ घ्यावा. इतिवृत्तावर सह्या घ्याव्यात.

कपड्यांचा वाद न्यायालयात गेलेला आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवर घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंशतः स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला परवानगी मात्र दिली नाही. हे दोन्ही भाग प्राचार्यांनी नीट वाचावेत, सोयीचा तेवढा नव्हे. कारखान्यात प्रश्न सुरक्षिततेचा असतो आणि तो तसाच हाताळावा. चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे असतात. हा नियम ओढणीला, पदराला, उपरण्याला आणि सैल हिजाबाला सारखाच लागतो, आणि घट्ट बसणारा, टोके आत खोचलेला हिजाब त्यात बसतो. दाढीचेही तसेच. अन्नप्रक्रियेत दाढीची जाळी लावली की भागते. पण वायू किंवा रंगाच्या फवाऱ्यासाठी जो तोंडाला घट्ट चिकटणारा मास्क लागतो, तो कोणत्याही दाढीवर नीट बसत नाही, कडेने हवा शिरते. तिथे डोक्यावरून येणारा हवा-पुरवठ्याचा हूड द्यावा किंवा जागा बदलावी. हे समजावून सांगितले की कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो एका धर्माची दाढी दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही तेव्हा. लातूरसारख्या 'नीट'च्या गावात परीक्षेच्या पर्यवेक्षकांनाही हे ठाऊक हवे: पारंपरिक वेश घालणाऱ्या उमेदवारांनी झडतीसाठी लवकर यावे अशी सूचना परीक्षेच्या माहितीपत्रकातच असते. म्हणजे वेश काढायला लावायचा नसतो, आडोशाला महिला कर्मचाऱ्याकडून झडती घ्यायची असते.

कँटीनविषयी एवढेच की शाकाहारी-मांसाहारी भांडी वेगळी ठेवा आणि लोकांचे डबे हुंगू नका. मटणाचा डबा उघडला की 'कोणतं मटण?' असे हसत हसत विचारले जाते. विचारणाऱ्याला तो विनोद वाटतो.

हे छोटे विनोद म्हणजेच आकसाचे रोजचे रूप. हजेरी घेताना 'शेख नंबर तीन'. भारत-पाकिस्तान सामन्याच्या सकाळी 'काय मियाँ, आज कुणाकडून?' पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५ ला झाला, त्यानंतर कितीतरी कचेऱ्यांत मुस्लिम सहकाऱ्याकडून निषेधाची अपेक्षा वेगळी धरली गेली. त्याआधी मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला होता, तेव्हा कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय काय फिरले ते सगळ्यांना माहीत आहे. विभागाचा ग्रुप हा विभागाचाच कागद मानावा. 'फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील' ही सोय चालू करा, ग्रुपच्या माहितीत 'केवळ कामकाज' लिहा आणि अ‍ॅडमिन दोन ठेवा, एकाने दुर्लक्ष केले तर दुसरा असावा. खासगी ग्रुपवर संस्थेचा हात पोचत नाही, पण तिथला मजकूर नाव घेऊन सहकाऱ्याला उद्देशून असेल तर तक्रार होऊ शकते.

तक्रारीवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे इथेच फसते.

विद्यार्थ्यांसाठी नियमांची उणीव नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेविषयीच्या नियमांत जात, पंथ, धर्म, भाषा यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई आहे. वसतिगृह, मेस, वाचनालय इथे वेगळे बसवणे हाही त्यात भेदभावच. समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा, तो महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकाहून खालचा नसावा आणि तक्रारीचा निकाल ६० दिवसांत लागावा, असे ते नियम सांगतात. २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांवरील भेदभावाची तक्रार स्पष्टपणे येते. समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो न पटल्यास १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचे. धर्मावरून छळ झाला तर रॅगिंगविरोधी नियमांच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो रॅगिंगमध्येही मोडतो. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, आणि प्रकरण गुन्ह्याचे असेल तर संस्थाप्रमुखाला २४ तासांत पोलिसांत जावे लागते.

खासगी नोकरीत मात्र पोकळी आहे. धर्मावरून खासगी मालकाने नोकरी नाकारली तर थेट दाद मागावी असा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती, तो आयोग अजून व्हायचाच आहे. हाताशी आहे ते महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याचे चौथे परिशिष्ट. गुणवत्ता न पाहता एका गटाच्या कामगारांना झुकते माप देणे ही त्यात अनुचित प्रथा ठरते, आणि तक्रार ९० दिवसांत औद्योगिक न्यायालयात करायची असते. कंत्राटी कामगाराला तिथे आधी मालक-नोकर हे नातेच सिद्ध करावे लागते, म्हणून तो सहसा टिकत नाही. त्यामुळे कंपनीने स्वतःचीच अंतर्गत समिती नेमणे भाग आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने समित्या झाल्याच आहेत, त्याच धर्तीवर बाहेरचा एक सदस्य घेऊन ही दुसरी समिती करता येते. दोन्ही एकत्र मात्र करू नका, लैंगिक छळाच्या समितीचे कायदेशीर स्वरूप त्याने बिघडते.

समिती असूनही प्रकरण कसे बुडते? पहिल्या दिवशी विभागप्रमुख 'चहा घेऊ, मिटवू' म्हणतात. तक्रार लेखी येत नाही, आली तर पोच मिळत नाही. आठवड्याने आरोप असलेल्याकडून उलट तक्रार येते आणि दोघांना 'समज' दिली जाते. मग तक्रारदाराचीच बदली होते, 'त्याच्याच भल्यासाठी'. हे टाळायचे तर तक्रार आल्या दिवशी आवक क्रमांक आणि सही-शिक्का असलेली पोच द्या. चौकशीपुरते अंतर ठेवायचे असेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला हलवा. प्रत्येक साक्षीदाराचे म्हणणे स्वतंत्र लिहून त्याची सही घ्या. उलट तक्रारीला वेगळा क्रमांक द्या आणि ती मूळ तक्रारीनंतर किती दिवसांनी आली हे टिपणात नोंदवा. तक्रारदाराने लिहिताना 'मला हिणवले' एवढे लिहू नये. तारीख, वेळ, जागा, हजर असलेली माणसे आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहावेत, शिवीसुद्धा. व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि तारीख दिसेल असा घ्यावा, संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवावी आणि मूळ फोन बदलू नये. प्रकरण पोलिसांत गेले तर भारतीय न्याय संहितेची १९६, २९९, ३०२ ही (तेढ पसरवणे, धार्मिक भावना दुखावणे यांची) कलमे लागू शकतात, आणि डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. पण प्रत्येक टोमण्याला पोलीस हा उपाय नव्हे. बहुतेक प्रकरणांत लेखी माफी, सेवापुस्तकात नोंद आणि सहा महिन्यांनी फेरतपासणी एवढे पुरते. ते होत नाही म्हणूनच माणसे पोलिसांकडे, नाहीतर एखाद्या संघटनेकडे जातात आणि प्रकरण हाताबाहेर जाते.

एक आक्षेप नेहमी येतो: मग धर्मावर बोलायचेच नाही का? जरूर बोलावे. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले ते तोंडी तलाकसारख्या प्रथांवर टीका करूनच. वर्गात कोणत्याही धर्माच्या तत्त्वाची, प्रथेची चिकित्सा झाली पाहिजे. प्रथेची चिकित्सा करता करता बोट तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे वळले आणि 'तुमच्यात असंच असतं ना?' असा प्रश्न आला, की तिथे चिकित्सा संपली.

याचा कस मराठवाड्यात १७ सप्टेंबरला लागतो. मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना निजामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार सांगायलाच हवेत, त्यात हातचे राखायचे काही कारण नाही. पण त्याच भाषणात हेही आले पाहिजे की हैदराबाद भारतात यावे असे उर्दूतून लिहिणाऱ्या 'इमरोज'च्या संपादकाला, शोएबुल्ला खान यांना, ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच ठार मारले. हैदराबाद भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर झालेल्या हिंसाचाराची चौकशी सुंदरलाल समितीने केली, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे घेतली, हेही विद्यार्थ्यांना कळावे. अर्धा इतिहास सांगितला की सभा संपल्यावर मागच्या रांगेतल्या पोराला 'ए रझाकार' ही हाक मिळते. वक्त्यांना निमंत्रण देतानाच हे मुद्दे पाठवणे अवघड नाही.

हे सगळे एका समाजासाठी आहे, असे कुणाला वाटेल. झाकलेले नाव दलित उमेदवारालाही लाभते, हे थोरातांच्याच आकड्यांत आहे. ऐच्छिक सुट्टी जैन आणि ख्रिश्चन कामगार घेईल. भट्टीवरची बदली नवरात्राचा कडक उपवास करणाऱ्यालाही लागू होते. तक्रारीची पोच तर सगळ्यांनाच हवी असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीचे कृषी विद्यापीठ यांच्या कुलगुरूंना आमची विनंती आहे की येत्या शैक्षणिक वर्षाच्या माहितीपत्रकात पहिल्या पाच पानांच्या आत भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे पद, खोली क्रमांक, दूरध्वनी आणि भेटीची वेळ छापावी, आणि संलग्न महाविद्यालयांकडून तीच माहिती ३१ जुलैपर्यंत मागवावी. ज्यांच्याकडून ती येणार नाही त्यांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावावी. उद्योजकांच्या संघटनांनी सुट्ट्यांच्या बैठकीची तारीख आत्ताच ठरवून सभासदांना कळवावी.

आपले,
उच्च शिक्षण व कार्मिक व्यवस्थापनात काम केलेले काही नागरिक,
छत्रपती संभाजीनगर